वर्षाची चटणी आणि रोजची आमटी: कंपाइल-टाइम फंक्शन लिहायची कशी?

मे महिना लागला की सांगलीत मिरची कुटायच्या डंकाबाहेर पिशव्यांची रांग लागते. घरोघरी मिरच्या वाळवून, खोबरं-तीळ-धने भाजून झालेले असतात. कांदा-लसूण घालून वर्षभराची चटणी एकदाच कुटून आणायची आणि बरणीत दाबून भरायची. मग पुढं वर्षभर आमटीला फोडणी देताना कुणी मिरच्या भाजायला बसत नाही. चमचा बरणीत जातो, तेवढंच काम.

कॉम्प्युटरच्या भाषांमध्ये गेली 30 वर्षं एका प्रश्नावर वाद चाललाय आणि तो प्रश्न अगदी असाच आहे: कुठलं काम एकदाच आधी उरकायचं, कुठलं प्रत्येक वेळी करायचं, आणि मुख्य म्हणजे हे प्रोग्रॅममध्ये लिहून कसं दाखवायचं? जून 2025 मध्ये सी++ या जुन्या, दणकट भाषेच्या समितीनं बल्गेरियातल्या सोफियाच्या बैठकीत 2026 च्या आवृत्तीसाठी 'रिफ्लेक्शन' (प्रोग्रॅमला स्वतःच्याच रचनेबद्दल आधीच विचारता येणं) मंजूर केलं आणि हा विषय पुन्हा वर आला. माझ्याकडे प्रोजेक्टसाठी येणाऱ्या मुलांनी विचारलं, "सर, हे नेमकं काय आहे? आणि नुसत्या लिहिण्याच्या पद्धतीवर एवढी भांडणं का?" त्यांना सांगितलं ते इथं सविस्तर लिहितोय.

## दोन वेळा

आपण जो प्रोग्रॅम लिहितो तो मशीनला थेट कळत नाही. आधी कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम तो वाचतो आणि मशीनच्या भाषेत उतरवतो. हे काम चालू असतं ती वेळ म्हणजे कंपाइल-टाइम. नंतर तयार प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या फोनवर, बँकेच्या सर्व्हरवर किंवा एखाद्या चिपवर प्रत्यक्ष चालतो, ती वेळ म्हणजे रन-टाइम. पहिली वेळ डंकाची, दुसरी चुलीची.

फंक्शन म्हणजे कामाचा एक बांधलेला तुकडा. आत काहीतरी द्यायचं, बाहेर उत्तर येतं. साधारणपणे फंक्शन रन-टाइमला चालतं. पण त्याला लागणारी सगळी सामग्री आधीच माहीत असेल, तर ते कंपाइल करतानाच चालवून नुसतं उत्तर प्रोग्रॅममध्ये भरता येतं. अशा तऱ्हेनं चालणारं फंक्शन म्हणजे कंपाइल-टाइम फंक्शन.

अट एकच. सामग्री मे महिन्यात हाताशी हवी. मिरची तेव्हा मिळते म्हणून चटणी होते. पण डिसेंबरात घरी पाहुणे किती येणार हे मे महिन्यात कळत नाही, म्हणून आमटी किती करायची ते तेव्हा ठरत नाही.

## बेदाण्याच्या खोलीत उणे 9

ही नुसती हौसेची गोष्ट नाही, हे एका प्रसंगातून सांगतो. चार मुलं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान नोंदवणारं यंत्र करत होती. तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाणा महिनोन्महिने थंड खोलीत राहतो. तिथलं तापमान चुकलं की रंग जातो आणि रंगाबरोबर भाव. मुलांनी आर्डुइनो उनो हा स्वस्त बोर्ड घेतला आणि त्याला थर्मिस्टर जोडला, म्हणजे तापमानाप्रमाणे ज्याचा विद्युतरोध बदलतो असा छोटा तुकडा. बोर्ड त्याच्यावरून 0 ते 1023 मधला एक आकडा वाचतो. त्या आकड्याचं तापमान करायला लॉगॅरिदमचं गणित लागतं. या चिपमध्ये अपूर्णांकाचं गणित करणारं वेगळं हार्डवेअर नाही, त्यामुळं ते तिला जड जातं.

मुलांना वाटलं, बोर्ड चालू झाला की सगळ्या 1024 आकड्यांची उत्तरं काढून तक्ता करून ठेवू. एका उत्तराला 2 बाइट लागतात, म्हणजे एकूण 2048 बाइट. आणि उनोच्या चिपची कामाची मेमरी आहे बरोबर 2048 बाइट. तक्त्यानंच ती भरली. प्रोग्रॅमच्या बाकीच्या गोष्टींना एक बाइटही उरला नाही, आणि डेटा बोर्डावर मावत नाही असं सांगून कंपायलरनं हात वर केले.

याच चिपमध्ये प्रोग्रॅम साठवायची वेगळी जागा आहे, 32 किलोबाइटची. तिथं 2 किलोबाइटचा तक्ता सहज बसतो. पण ती जागा प्रोग्रॅम चालू असताना लिहायची नाही, आधीच भरून आणायची. थोडक्यात, बरणी. तक्ता कंपाइल-टाइमला तयार हवा.

मुलांनी पायथॉनमध्ये छोटा वेगळा प्रोग्रॅम लिहिला, 1024 आकडे छापून घेतले आणि ते मूळ प्रोग्रॅममध्ये चिकटवले. यंत्र चालू लागलं. पंधरा दिवसांनी दुसरा बोर्ड जोडताना थर्मिस्टरच्या जोडीला लागणारा 10 किलोओहमचा रेझिस्टर (ठरावीक विद्युतरोधाचा तुकडा) हाताशी नव्हता, म्हणून 4.7 चा लावला. मूळ प्रोग्रॅममध्ये वरच्या ओळीत '4.7' अशी नोंदही केली. पण तक्ता जुनाच राहिला, कारण तो करणारा पायथॉनचा प्रोग्रॅम तिसऱ्याच मुलाच्या लॅपटॉपवर होता. खोलीत 5 अंश आणि पडद्यावर उणे 9.

ही चूक निष्काळजीपणाची नव्हती, असं माझं ठाम मत आहे. तक्ता आणि ज्यावरून तो केला ती माहिती, या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या भाषांत, दोन वेगवेगळ्या लॅपटॉपवर होत्या. त्या एकत्र बांधायला भाषेनं जागाच दिली नसेल तर कधीतरी सुटणारच. ती जागा म्हणजे कंपाइल-टाइम फंक्शन.

## सापडलेली वाट

सी++ मध्ये ही सोय कुणी आखून केली नव्हती. ती सापडली. त्या भाषेत 'टेम्प्लेट' नावाचा साचा असतो. एकच साचा लिहायचा, कंपायलर त्यात हवा तो प्रकार घालून कोड काढून देतो. 1994 मध्ये एर्विन उनरुह यांनी समितीच्या बैठकीत एक प्रोग्रॅम दाखवला. तो कंपाइल होतच नव्हता. पण कंपायलर ज्या चुका छापत होता, त्या चुकांच्या ओळींमध्ये क्रमानं मूळसंख्या येत होत्या! साच्यात साचा घालत गेलं की कंपायलर गणित करतो, हे त्या दिवशी उघड झालं.

मग लोकांनी साच्यांतून सगळं काही करून घ्यायला सुरुवात केली. पण ती भाषेच्या आतली दुसरीच भाषा होती. साधा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायची सोय) नाही, बदलता व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव) नाही. लहान कोनी कंसांत कोनी कंस. 2011 पर्यंत तर दोन कोनी कंस एकाला एक लागून बंद केले की कंपायलर त्याचा अर्थ वेगळ्याच गणिती खुणेचा लावायचा, म्हणून मधे जागा सोडावी लागायची. चुकलं तर पानभर चुकांची यादी. मी स्वतः या पद्धतीत काही वर्षं काम केलंय आणि ती मुलांना शिकवावीशी मला कधी वाटली नाही. चटणी करायला घरच्या भाषेत सांगता येत नसेल, परकी भाषा शिकून यावं लागत असेल, तर बहुतेक लोक चटणी करणारच नाहीत.

म्हणून पहिला निकष मी असा धरतो: आधी करायचं काम आणि नंतर करायचं काम एकाच भाषेत लिहिता यावं. तोच लूप, तोच 'जर-तर', तेच फंक्शन. यावर आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो खुणेवर.

## खूण कुठं लावायची: भांड्यावर की मागणीवर?

समजा आपण मराठीत एक भाषा करतोय. फंक्शन असं आहे:

फंक्शन तापमान(वाचन): …

आणि आपल्याला ते आधीच चालवून हवंय. सांगायचं कुठं?

पहिली रीत: फंक्शनवरच लिहायचं, 'हे आधी चालू शकतं'. सी++ नं 2011 मध्ये हेच केलं. 'कॉन्स्टएक्स्पर' हा शब्द फंक्शनच्या आधी लावायचा. सुरुवातीला अट अशी होती की अशा फंक्शनच्या पोटात जवळजवळ एकच 'रिटर्न' ओळ, म्हणजे उत्तर परत देणारी ओळ, असावी, लूप नाही. 2014 मध्ये ती सैल झाली. (उनोची साधनं मुळात 2011 च्याच नियमावर चालतात. मुलांचा लूप पहिल्यांदा अडला तो त्यामुळंच, सेटिंग बदलल्यावर सुटला.) रस्ट या भाषेनं डिसेंबर 2018 मध्ये 'कॉन्स्ट फंक्शन' आणलं आणि त्यातही लूप ऑगस्ट 2020 मध्ये आले.

दुसरी रीत: फंक्शनला हात लावायचा नाही, जिथं उत्तर हवं तिथं सांगायचं:

आधीच अ = तापमान(512)

झिग भाषेत 'कॉम्पटाइम' हा शब्द असा मागणीच्या जागी लावता येतो. जोनाथन ब्लो यांच्या जाय भाषेत 'रन' या शब्दाआधी हॅशची खूण लावून तेच सांगतात. डी भाषेनं तर 2007 पासून शब्दही मागितला नाही. उत्तर जिथं कंपाइल-टाइमलाच लागणार, उदाहरणार्थ ॲरेची (ओळीनं ठेवलेल्या किमतींच्या यादीची) लांबी, तिथं फंक्शन आपोआप आधी चालवलं जातं.

फरक वरवरचा वाटेल, पण अर्थ निराळा आहे. पहिल्या रीतीतला शब्द 'चालेल' म्हणतो. दुसऱ्यातला 'पाहिजेच' म्हणतो. सी++ मध्ये नवे लोक नेमके इथं फसतात. फंक्शनवर कॉन्स्टएक्स्पर लिहिलं म्हणजे ते आधी चालणारच, असं त्यांना वाटतं. तसं नाही. ती नुसती परवानगी आहे. सक्ती हवी तर उत्तर ठेवण्याच्या जागीही तोच शब्द पुन्हा लिहावा लागतो. एकच शब्द एका जागी 'चालेल' आणि दुसऱ्या जागी 'पाहिजेच'. पुढं 2020 मध्ये खास सक्तीसाठी 'कॉन्स्टइव्हॅल' हा वेगळा शब्द आणावा लागला.

पहिल्या रीतीचा दुसरा त्रास मला जास्त मोठा वाटतो. खूण संसर्गासारखी पसरते. माझ्या फंक्शनवर खूण असेल तर ते ज्याला हाक मारतं त्याच्यावरही हवी, त्यानं हाक मारलेल्यावरही हवी. साखळीत एक जण बिनखुणेचा असला की सगळं अडलं. मुलांच्या तक्त्यात लॉगॅरिदम होता. सी++ च्या नियमांत लॉगॅरिदमला कंपाइल-टाइमची परवानगी 2026 च्या आवृत्तीत मिळते. आमच्या कंपायलरनं ते स्वतःच्या सवलतीनं चालवून दिलं, नाहीतर मुलांना लॉगॅरिदम हातानं लिहावा लागला असता. रस्टमध्ये कॉन्स्ट फंक्शनच्या आत साधी अपूर्णांकांची बेरीज-गुणाकार ऑक्टोबर 2024 पर्यंत करता येत नव्हती.

दुसऱ्या रीतीत हा प्रश्नच येत नाही. फंक्शन चालवून बघायचं, अडलं तर अडलेली ओळ दाखवायची.

## मग फंक्शनवर खूण नकोच का?

इथं रस्टवाल्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं, कारण त्यात दम आहे. समजा मी एक लायब्ररी, म्हणजे इतरांना वापरायला तयार फंक्शनांचा संच, प्रसिद्ध केली आणि शेकडो लोक तिचं एक फंक्शन कंपाइल-टाइमला वापरू लागले. मला ते माहीतच नाही. सहा महिन्यांनी मी त्या फंक्शनमध्ये फाइल वाचायची एक ओळ घातली. माझ्याकडं सगळं ठीक चालतं आणि त्या शेकडो लोकांचे प्रोग्रॅम कंपाइल व्हायचे थांबतात. फंक्शनवर खूण असती तर कंपायलरनं मलाच अडवलं असतं, "तू लोकांना शब्द दिलायस."

म्हणून माझं मत असं: घरातल्या घरात खूण मागणीवर असावी. बाहेर विकायला ठेवलेल्या मालावर मात्र लेबल हवं. बरणी घरची असेल तर आत काय आहे हे आपल्याला ठाऊक असतं. दुकानातल्या पाकिटावर ते छापावंच लागतं. दोन्ही खुणांना वेगळे शब्द असावेत, कारण एक वचन आहे आणि दुसरी मागणी.

## एक वाक्य, सरळ वाचलं तर चुकीचं

सिंटॅक्स, म्हणजे लिहिण्याची पद्धत, ही नुसती सजावट आहे असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी एक उदाहरण देतो. सी++ मध्ये 2020 साली एक प्रश्न विचारायची सोय आली. फंक्शनला आतून विचारता येतं, "मी आत्ता कंपाइल-टाइमला चालतोय का?" हो असेल तर सोपी वाट, नाही तर चिपची खास वेगवान वाट. आणि 2017 पासून भाषेत 'जर-कॉन्स्टएक्स्पर' होतं, म्हणजे ज्याची अट कंपाइल-टाइमलाच तपासली जाते असं 'जर'. साहजिकच लोकांनी दोन्ही जोडले: जर-कॉन्स्टएक्स्पर, मी आत्ता कंपाइल-टाइमला चालतोय का.

वाचायला अगदी बरोबर. पण त्या 'जर'ची अट स्वतःच कंपाइल-टाइमला तपासली जाते, त्यामुळं उत्तर कायम 'हो'. डंकावर उभं राहून "मी आत्ता डंकावर आहे का?" असं विचारल्यासारखं. वेगवान वाट कधीच घेतली जात नाही, आणि ही चूक चूक म्हणून दिसतही नाही, कारण उत्तरं बरोबरच येतात. अखेर 2023 च्या आवृत्तीत 'जर-कॉन्स्टइव्हॅल' हे वेगळं वाक्य आणलं, ज्यात प्रश्न विचारायचाच नसतो.

अशी चूक करणारी माणसं कच्ची नव्हती. वाक्यरचनेनंच त्यांना तिकडं ढकललं. चांगल्या लेखनपद्धतीचं काम हेच, की चुकीचं वाक्य लिहिताना हात अडखळावा.

## 'कंपायलर हुशार आहे, तो आपोआप करेल की'

बऱ्याचदा करतोही. पाच गुणिले सात लिहिलं तर कुठलाही बरा कंपायलर पस्तीस भरून टाकतो. पण तो त्याचा स्वतःहून केलेला उपकार आहे. घरात कुणीतरी हौसेनं लसूण सोलून ठेवतं, तेव्हा बरं वाटतं. पण वीस माणसांचं जेवण त्या भरवशावर ठरवता येत नाही. कंपायलरची आवृत्ती बदलली, फंक्शन थोडं मोठं झालं, की तो उपकार थांबू शकतो. उनोवर तक्ता मावतो की मावत नाही हे अशा नशिबावर सोडता येत नाही. म्हणून मागणी स्पष्ट लिहायची सोय लागते.

## 'फंक्शन थांबलंच नाही तर?'

रास्त भीती. कुठलाही प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की नाही हे आधी अचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी 1936 मध्येच दाखवलं. म्हणून कंपायलर सरळ मर्यादा घालतात. क्लँग हा कंपायलर एका हिशोबात साधारण 10 लाख, नेमकं 10,48,576 पावलं चालतो आणि मग नकार देतो. जीसीसी हा दुसरा कंपायलर एका लूपच्या 2,62,144 फेऱ्यांपर्यंत वाट बघतो. झिगची सुरुवातीची मर्यादा फारच कडक आहे, लूपच्या सुरुवातीकडं मागं वळायच्या फक्त 1000 वेळा. आपला तक्ता 1024 ओळींचा, म्हणजे झिगमध्ये तेवढ्यासाठीसुद्धा मर्यादा वाढवून द्या असं लिहावं लागतं. मला ती कडकपणाची बाजू आवडते. जास्त वेळ लागणार आहे हे प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं दिसतं.

कंपाइल व्हायला वेळ लागतो, ही तक्रारही खरी. ती सांभाळूनच वापरायची गोष्ट आहे.

## 'कंपाइल करताना परक्याचा कोड माझ्या मशीनवर चालतो, ते सुरक्षित आहे का?'

हा प्रश्न मुलांनी विचारला तेव्हा मला खरंच आनंद झाला, कारण मोठमोठे लोक तो विसरतात. आपण दुसऱ्याची लायब्ररी आणून नुसती कंपाइल केली, चालवली नाही, तरी तिची कंपाइल-टाइम फंक्शनं आपल्या मशीनवर चाललेली असतात. ती फाइल वाचू शकत असतील, नेटवर जाऊ शकत असतील, तर धोका आहेच.

भाषांनी वेगवेगळ्या वाटा घेतल्या. झिगचा कॉम्पटाइम बाहेरच्या जगाला हातच लावू देत नाही. फाइल आत घ्यायची तर त्यासाठी ठरलेली एकच खास सोय आहे. जायमध्ये उलट सगळं खुलं, तिथं कंपाइल चालू असताना गेमसुद्धा चालवून दाखवलाय. रस्टमध्ये कॉन्स्ट फंक्शन बंदिस्त आहेत, पण 'प्रोसिजरल मॅक्रो' नावाची दुसरी सोय मात्र काहीही करू शकते. मी बंदिस्त बाजूचा आहे. आज मेहनतीनं केलेलं उत्तर उद्या, दुसऱ्या मशीनवर, तेच यायला हवं. आणि ते इंटरनेटवर किंवा घड्याळावर अवलंबून असेल तर येणार नाही.

## नवी खूण, दोन छपरं

सोफियात मंजूर झालेलं रिफ्लेक्शन म्हणजे प्रोग्रॅमला स्वतःच्याच रचनेबद्दल कंपाइल-टाइमला विचारता येणं: या नोंदीत कुठले रकाने आहेत, त्यांची नावं काय. त्यासाठी खूण काय ठेवायची यावर बरीच चर्चा झाली. आधीच्या प्रयोगात लांबलचक शब्द होता. मग एकच छोटं छपरासारखं चिन्ह सुचवलं गेलं. पण क्लँगमध्ये ते चिन्ह एका जुन्या, वेगळ्याच सोयीसाठी आधीपासून वापरात होतं. दोन अर्थांची टक्कर टाळायला शेवटी तेच चिन्ह दोनदा लिहायचं ठरलं. कीबोर्डवर रिकामी चिन्हं थोडी आणि जुना कोड अफाट. भाषा जितकी जुनी तितकी तिची नवी वाक्यं उरलेल्या जागेत बसवावी लागतात, जशी आमच्या गणपती पेठेत नवी गाळ्याची पाटी लावायला जागा शोधावी लागते तशी.

## मुलांचा तक्ता आता कसा आहे

पायथॉनचा प्रोग्रॅम आम्ही काढून टाकला. रेझिस्टरची किंमत प्रोग्रॅममध्ये एकाच ओळीत आहे. तिच्यावरून 1024 ओळींचा तक्ता कंपाइल-टाइमला तयार होतो आणि थेट 32 किलोबाइटच्या जागेत जातो. तक्त्याखाली मुलांनी आणखी एक ओळ घातली, कंपाइल-टाइमची पडताळणी: 10 किलोओहमच्या जोडीला वाचन 512 आलं तर उत्तर 25.0 अंशच हवं.

परवा त्यातल्या एकीनं मुद्दाम रेझिस्टरच्या ओळीत 4.7 लिहिलं. बोर्ड जोडलेलाही नव्हता. कंपायलर त्या पडताळणीच्या ओळीवर थांबला आणि लाल अक्षरांत तिचाच संदेश दाखवला: "512 ला 25 अंश येत नाहीत, रेझिस्टर तपासा."